तळघरातला बंब

जर्मनीत घर बघायला जाणारी मंडळी आधी किचन बघतात, मग बाल्कनी, मग स्टेशन किती मिनिटांवर आहे ते. माझा फुकटचा सल्ला असा, की आधी तळघर बघा. घराचं पोट तिथे असतं. वरचं मॉड्युलर किचन कितीही चकाचक असू दे, खालच्या बॉयलरने मान टाकली की जानेवारीत सगळं घर दोन-दोन स्वेटर घालून एकमेकांकडे बघत बसतं.

ब्लॅक फॉरेस्ट म्हटलं की आपल्याकडे केक आठवतो. माझं सासर तिथलं. मी पुण्याची, नवरा किंझिग नदीच्या खोऱ्यातला, दोघंही स्टुटगार्टच्या आयटीवाल्या गर्दीतले. २०२० नंतर ऑफिसने आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायला परवानगी दिली, तेव्हा आम्ही शहरातला महागडा फ्लॅट सोडून सासू-सासऱ्यांच्या शेतघराच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो. जाडजूड लाकडी भिंती, उतरतं छप्पर, मागे डोंगर आणि डोंगरावर कुटुंबाच्या मालकीचा जंगलाचा छोटासा तुकडा. फोटो टाकला की शंभर लाइक्स नक्की.

या घराचं पोट तेलावर चालायचं. १९९३ सालचा बॉयलर आणि शेजारच्या खोलीत ५ हजार लिटरची लोखंडी टाकी. वर्षाला साडेतीन हजार लिटर तेल लागायचं. टँकर यायचा, खिडकीतून जाड पाइप आत सोडायचा आणि बिल बघून सासरेबुवा दोन दिवस कमी बोलायचे. २०२२ मध्ये रशियाचा गॅस आटला, त्यापाठोपाठ तेलही कडाडलं आणि त्या दोन दिवसांचे आठ झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये बर्नरने संप पुकारला. मेकॅनिकने पार्ट शोधला, फोन फिरवले, खांदे उडवले. कसाबसा मार्च ढकलला आणि मग स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती आमची मीटिंग बसली.

घालणार कोण?

तेव्हा जर्मनीत हीटिंग हा राजकारणाचा विषय होता, आपल्याकडे कांदा असतो तसा. १ जानेवारी २०२४ पासून नवा कायदा लागू झाला होता आणि पेपरवाल्यांनी त्याला ‘हीटिंगचा हातोडा’ असं नाव ठेवून वर्षभर धुरळा उडवला होता. तेलाचा नवा बॉयलर आम्हाला अजूनही बसवता आला असता. पण तेलावरचा कार्बनचा आकार २०२१ मध्ये टनामागे २५ युरो होता, तो २०२५ साठी ५५ ठरलेला होता. चढती भाजणी.

मग हीट पंप? मला तोच हवा होता. ॲपवर चालतो, आवाज कमी, राख नाही. पण फंडा असा आहे, की हीट पंपाला कोमट पाणी फिरवायला आवडतं आणि आमच्या जुन्या रेडिएटरना कडाक्याच्या थंडीत ७० अंशांचं पाणी लागतं. आधी भिंतींना आतून अस्तर, नव्या खिडक्या, मोठे रेडिएटर आणि मग पंप. हिशेब दुपटीच्या पुढे गेला. पेलेट, म्हणजे भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या, आपोआप आत सरकतात खऱ्या, पण त्या विकत घ्याव्या लागतात आणि इथे तर मागच्या डोंगरावर घरचं लाकूड पडून होतं. २०१८ पासूनच्या तीन कोरड्या उन्हाळ्यांनी स्प्रूसची झाडं अशक्त केली, सालीत राहणाऱ्या किड्याने ती पोखरली आणि खोऱ्याखोऱ्यांत वाळकी झाडं उभी राहिली. ती काढायचीच होती.

‘लाकडाचाच घेऊ,’ सासरेबुवा म्हणाले.

‘आणि घालणार कोण?’ सासूबाईंनी विचारलं.

टेबलावर शांतता. सासरेबुवा ७३ वर्षांचे, एक गुडघा नवा बसवलेला. लाकूड काही आपणहून तळघरात जात नाही. पेटवायला, भरायला, राख काढायला रोज माणूस लागतो आणि असा बॉयलर वीस-पंचवीस वर्षं चालतो. म्हणजे प्रश्न मशीनचा नव्हताच. पुढची वीस वर्षं हिवाळ्यात या घरात कोण असणार, असा तो प्रश्न होता आणि सासूबाईंनी तो आमच्या दोघांकडे बघून विचारला होता. बर्लिनहून मला एक ऑफर होती, सिंगापूरचंही अधूनमधून बोलणं चालायचं. होम लोनच्या कागदांवर सही करताना हात थरथरतो म्हणतात. लोन निदान फेडून मोकळं होता येतं.

आम्ही दोन आठवडे मागून घेतले. त्या दोन आठवड्यांत नवरा-बायकोत जे बोलणं झालं, ते लग्नाआधी व्हायला हवं होतं असं मैत्रिणींचं मत. बर्लिनला मी नाही कळवलं. मग ऑर्डर गेली.

फुंकणीशिवायची चूल

आमच्या पुण्याच्या वाड्यात आजीचा तांब्याचा बंब होता. मधोमध नळी, नळीत जाळ, भोवती पाणी, खाली राख, बाजूला पितळी तोटी. काटक्या, करवंट्या, नारळाची सोडणं, जे हाताला लागेल ते आत. जितकं गरम पाणी काढायचं तितकं गार वरून ओतायचं, की बंब दिवसभर सेवेला हजर. जर्मन बॉयलर म्हणजे या बंबाचाच इंजिनिअरिंग केलेला नातू. आग मध्ये, पाणी भोवती. फरक धुरात आहे.

चुलीतून किंवा बंबातून निघणारा धूर म्हणजे खरं तर न जळलेलं सरपण. लाकूड तापलं की आधी त्यातून वायू निघतो आणि खरी ज्योत असते ती त्या वायूची. चुलीत बराचसा वायू जळायच्या आधीच पळून जातो आणि सुनेच्या डोळ्यांत जातो. नव्या बॉयलरमध्ये दोन मजले असतात. वरच्या मजल्यावर अर्ध्या-अर्ध्या मीटरची फोडलेली लाकडं भरायची. ती तिथे धुमसतात. पंखा तो वायू खाली ओढतो, मधल्या फटीत त्याला ताजी हवा मिळते आणि खालच्या सिरॅमिकच्या दालनात तो हजारेक अंशांना जळतो. ज्योत वरून खाली जाते! पहिल्यांदा बारक्या काचेतून बघितली तेव्हा मी पाच मिनिटं उकिडवी बसून राहिले होते. धुराड्याच्या तोंडाशी एक सेन्सर उरलेला प्राणवायू मोजतो आणि त्यावरून हवेची झडप कमी-जास्त होते. फुंकणीचं काम कॉम्प्युटर करतो, एवढंच.

एक गोष्ट मात्र मला आजीच्या न्हाणीघरामुळे पटकन कळली. कढत पाण्यात गार घालतात त्याला आपण विसण म्हणतो. इथे उलटं विसण लागतं. घरभर फिरून गार झालेलं पाणी तसंच बॉयलरमध्ये परत आलं, तर आतल्या पत्र्यावर वाफ धरते, डांबर साठतं आणि पत्रा गंजतो. म्हणून एक झडप त्या गार पाण्यात बॉयलरमधलंच कढत पाणी मिसळते आणि ६० अंशांच्या आसपास आणूनच आत सोडते. ‘विसण’ हा शब्द मी हीटिंगवाल्याला शिकवला. त्याला तो जाम आवडला. त्याच्या तोंडी ‘फिसान’ होतो.

७९ सेंटिमीटरची टाकी, ८० चं दार

लोकांना वाटतं, बॉयलर बसवणं म्हणजे बॉयलर बसवणं. तो तर एका दिवसात बसला. सातेकशे किलोचं धूड फळ्यांवरून, साखळीच्या कप्पीला अडकवून तळघराच्या पायऱ्यांवरून इंच-इंच खाली आलं. चार माणसं, एक पट्टा आणि सासरेबुवांच्या न मागितलेल्या सूचना.

खरं प्रकरण पाण्याच्या टाक्यांचं. लाकडाची आग गॅससारखी बारीक करता येत नाही. एकदा पेटली की ती आपल्या तालात जळते. घराला तेवढी उष्णता त्या क्षणी नको असेल, तर ती ठेवायची कुठे? पाण्यात. जर्मन नियम याबाबतीत स्पष्ट आहेत: हाताने भरायच्या बॉयलरमध्ये लाकडाच्या कप्प्याच्या दर लिटरमागे १२ लिटर पाणी साठवण्याची सोय हवी आणि काहीही झालं तरी दर किलोवॉटमागे ५५ लिटरपेक्षा कमी चालत नाही. आमचा बॉयलर ३० किलोवॉटचा, लाकडाचा कप्पा १६० लिटरचा. गुणाकार करा. हजार-हजार लिटरच्या दोन टाक्या घ्याव्या लागल्या.

आता बँकेचं पासबुक बघतो तसा मी या टाक्यांचा डिस्प्ले बघते. दोन हजार लिटर पाणी ३५ अंशांवरून ८५ वर नेलं, की साधारण ११५ युनिट उष्णता साठते. युनिट म्हणजे आपल्या विजेच्या बिलातलं तेच युनिट. पुण्याच्या फ्लॅटमधला १५ लिटरचा गीझर एकदा तापतो तेव्हा अर्ध्या-पाऊण युनिटात काम होतं.

पण टाक्या आत घ्यायच्या कशा? टाकीचा व्यास अस्तराशिवाय ७९ सेंटिमीटर. तळघराच्या दाराची चौकट ८०. उंची दोन मीटरच्या वर आणि छत २ मीटर १५. आडवी आत आणायची आणि त्या छताखाली उभी करायची, म्हणजे तिरपी होताना तिचा कोपरा छताला लागतो की नाही हा भूमितीचा पेपर. हीटिंगवाल्याने ऑर्डर देण्याआधी पुठ्ठ्याचा साचा कापून आणला होता. त्याच्या या एका कृतीवर माझा विश्वास बसला. प्रत्यक्ष दिवशी पहिली टाकी चौकटीतून जाताना जो कर्रर्र आवाज आला, तो अजून कानात आहे. रंगाचा पातळ पापुद्रा निघाला, टाकी गेली.

त्याआधी जुनी तेलाची टाकी काढायचं घाणेरडं काम झालं होतं. ती दारातून बाहेर येणं शक्यच नव्हतं, कारण घर नंतर तिच्याभोवती वाढलं होतं. खास कंपनीची माणसं आली, तळाचा गाळ उपसला, आतून साफ केली आणि जागेवरच कापून तुकडे बाहेर काढले. आठवडाभर घराला पेट्रोल पंपासारखा वास होता. माझ्या ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर वास जात नाही, हे बरं.

लाइट गेली तर?

हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारला होता. महाराष्ट्रात २००० च्या दशकात वाढलेल्या कुणालाही तो सुचेल. लोडशेडिंगच्या वेळापत्रकावर आमच्या परीक्षा झाल्या आहेत. इथली माणसं मात्र लाइट जाते म्हणजे नक्की काय होतं, याचा विचारच करत नाहीत. हीटिंगवाल्याने हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाला, ‘हा प्रश्न मला कुणी विचारत नाही. मलाच सांगावा लागतो.’

तेलाचा बर्नर वीज गेली की विझतो. लाकूड विझत नाही. पंप बंद, पाणी फिरणं बंद आणि आत चाळीस-एक किलो लाकूड धगधगतंय. बंबाचं तोंड उघडं होतं, वाफ निघून जायची. इथे सगळं बंदिस्त, दाबाखाली. त्यामुळे एक झडप असते, तिला विजेची गरजच नसते. बॉयलरमधलं पाणी ९५ अंशांच्या आसपास गेलं, की आतल्या द्रवाच्या फुगण्याने ती स्वतः उघडते आणि नळाचं गार पाणी बॉयलरमधल्या एका वेटोळ्यातून धो-धो वाहून गटारात जातं, जाताना उष्णता घेऊन जातं. अट एकच: ते गार पाणी विजेशिवाय आलं पाहिजे. आमच्याकडे नळाला डोंगरातल्या झऱ्याचं पाणी, पण ते विजेच्या पंपाने येणारं. म्हणजे ज्या क्षणी गरज, त्याच क्षणी पाणी नाही. शेवटी त्या झडपेसाठी गावाच्या पाइपलाइनवरून, उंचावरच्या टाकीतून उताराने येणाऱ्या पाण्याची वेगळी लाइन ओढली. अंगण खणलं, सासूबाईंचे दोन गुलाब गेले, खर्च वाढला. या सगळ्या प्रोजेक्टमधला हाच खर्च मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. कुठलाही हौशी माणूस ‘यूट्यूब बघून मी स्वतः बसवतो’ म्हणाला, तर त्याला फक्त ही झडप दाखवा.

एकूण बिल २९ हजार युरो. २०२४ मध्ये सरकारी केएफडब्ल्यू बँकेकडून अशा कामाला मूळ ३० टक्के अनुदान मिळत होतं, ते धरूनही एका चांगल्या गाडीचे पैसे तळघरात गेले. गाडी निदान शेजाऱ्यांना दिसते.

काळ्या कोटातला माणूस

शेवटची परवानगी देतो तो धुराडी साफ करणारा, शोर्नस्टाइनफेगर. डोक्यापासून पायापर्यंत काळा वेष, पितळी बटणं. रस्त्यात दिसला आणि त्याला हात लावला तर नशीब उजळतं, अशी इथली समजूत आहे. सासूबाई अजूनही हळूच त्याच्या खांद्याला बोट लावतात. पण तो शुभशकुन नुसता नाही, अधिकारी आहे. २०१२ अखेरपर्यंत प्रत्येक भागात त्याची मक्तेदारी होती. २०१३ पासून सफाई कुणाकडूनही करून घेता येते, मात्र नवी चूल मंजूर करायचा अधिकार नेमलेल्या माणसाकडेच आहे. त्याची सही नाही, तर काडी ओढायची नाही.

आमच्या धुराड्यात स्टीलचा नवा पाइप घालायला त्याने आधीच सांगितलं होतं. बॉयलर सुरू झाल्यावर काही दिवसांनी तो यंत्र घेऊन आला, धुराची नळी टोचली आणि मोजलं. मर्यादा कडक आहे, घनमीटरमागे ०.०२ ग्रॅम धूळ आणि ०.४ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड. आम्ही पास. मग लाकडांच्या थप्पीतून एक ओंडका मध्येच ओढला, फोडायला लावला आणि ताज्या फाळीत दोन टाचण्यांचं मीटर खुपसून ओलावा तपासला. कायद्याने तो कोरड्या वजनाच्या २५ टक्क्यांच्या आत लागतो. ताज्या तोडलेल्या झाडात वजनाने जवळपास निम्मं पाणीच असतं आणि ते वाळायला दोन उन्हाळे जावे लागतात. म्हणजे पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या थंडीचं लाकूड आज फोडायचं. डिलिव्हरी दहा मिनिटांत मागवणाऱ्या आपल्या पिढीला हे प्रकरण पचायला वेळ लागतो.

एक मीटर लांब, रुंद, उंच रचलेलं वाळकं बीच म्हणजे साधारण १९० लिटर तेल. स्प्रूस हलकं, त्याची उष्णता कमी. आमच्या मिश्र लाकडाला वर्षाला वीस-एकवीस अशा थप्प्या लागतात, म्हणजे अंगणात कायम चाळीसच्या वर. नवऱ्याने दोन दिवसांचा चेनसॉचा कोर्स केला, त्याशिवाय गावाच्या किंवा सरकारी जंगलात लाकूड करायला जाता येत नाही. आता त्याच्याकडे साखळी अडवणारी खास पॅण्ट आहे आणि ती तो गरजेपेक्षा जास्त वेळ घालून फिरतो.

नणंद स्टुटगार्टला असते. तिला आमचा बॉयलर अजिबात पटलेला नाही आणि तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. शहर वाडग्यासारख्या दरीत आहे, तिथे २०१६ ते २०२० हिवाळ्यात धुळीचा अलार्म लागायचा आणि २०१७ पासून त्या दिवसांत शोभेच्या शेकोट्या पेटवायला बंदी होती. जर्मनीच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेनेही लाकडाने घरं तापवू नका असाच सल्ला दिलाय. सगळे लाकडावर आले, तर जंगलं पुरणार नाहीत आणि फुप्फुसंही. माझं मत विचाराल, तर फ्लॅटवाल्यांनी, शहरवाल्यांनी, महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. घराला नीट अस्तर असेल तर हीट पंपच घ्यावा. ज्याच्या मागे डोंगर आहे, डोंगरावर किडलेली झाडं आहेत आणि घरात माणसं आहेत, त्याचा हिशेब वेगळा.

आमचा दिवस आता असा असतो. सकाळी टाक्यांचा आकडा बघायचा. वरची टाकी ५५ च्या खाली गेली असेल तर संध्याकाळी पेटवायचं. कडाक्यात दिवसातून दोनदा, एरवी एकदा, उन्हाळ्यात आंघोळीपुरतं पाच-सहा दिवसांतून एकदा. राख काढणं, पुठ्ठा, काटक्या, त्यावर लाकडं, काडी. सगळं मिळून वीस मिनिटं. सासरेबुवांच्या गुडघ्यासाठी हीटिंगवाल्याने जुन्या तेलाच्या खिडकीतून लाकडाची घसरगुंडी करून दिलीय, त्यामुळे वरून टाकलं की खाली हजर.

तळघराच्या दारावर वेळापत्रक आहे. मंगळवार-गुरुवार आम्ही स्टुटगार्टला, ते दिवस सासरेबुवांचे. शनिवार-रविवार नवरा, सोमवार-शुक्रवार मी. बुधवार मोकळा राहिला होता, तो सासूबाईंनी मागून घेतला आणि त्या दिवशी खाली कुणी लुडबुड केलेली त्यांना चालत नाही.